लॉग लिहिताना ॲप अडकतं, तेव्हा थांबायचं कोणी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. स्प्रिंग बूटचं जावा ॲप, आतला वेब सर्व्हर टॉमकॅट, लॉग (ॲप आपल्या कामाच्या लिहून ठेवतं त्या ओळी) लिहायला लॉगबॅक ही लायब्ररी, आणि सगळं डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या एका वेगळ्या कप्प्यात. एरवी ६०-७० मिलिसेकंदांत मिळणारं उत्तर गर्दीच्या वेळी ८-१० सेकंदांवर जातं, सीपीयू मात्र निवांत असतो. थ्रेड डम्प, म्हणजे प्रत्येक थ्रेड (रिक्वेस्ट हाताळणारा कामाचा धागा) त्या क्षणी कुठे उभा आहे याची यादी, काढला तर निम्म्याहून जास्त थ्रेड लॉगबॅकपाशी उभे. म्हणून तुम्ही फाइल अपेंडरला (ओळी फाइलीत लिहिणारा लॉगबॅकचा भाग) असिंक अपेंडरमध्ये गुंडाळलं, म्हणजे ओळी आधी मेमरीतल्या क्यूत (रांगेत) जातात आणि वेगळा थ्रेड त्या लिहितो. दोन आठवडे बरे गेले, फक्त अधूनमधून इन्फोच्या (साध्या माहितीच्या) ओळी गायब दिसू लागल्या. कुठेतरी वाचून ‘डिस्कार्डिंग थ्रेशोल्ड’ (क्यूत किती जागा उरल्या की साध्या ओळी टाकून द्यायच्या तो आकडा) शून्य केला. मग महिनाअखेरच्या गर्दीत पुन्हा सगळं ठप्प झालं. आता तुम्ही विचारताय, क्यू १० हजारांची करू की १ लाखाची?

आकड्याकडे येते, पण आधी प्रश्न जरा वळवून मांडते. ॲप जितक्या वेगाने ओळी तयार करतंय तितक्या वेगाने खालची डिस्क किंवा पाइप (दुसऱ्या प्रोग्रॅमकडे ओळी नेणारी नळी) त्या घेत नसेल, तर तीनच गोष्टी होऊ शकतात. ओळ तयार करणारा थ्रेड थांबेल, म्हणजे वापरकर्ता थांबेल. किंवा ओळी मेमरीत साचत जातील. किंवा काही ओळी टाकून द्याव्या लागतील. चौथा मार्ग मला आजवर सापडलेला नाही. सिंक, असिंक, मोठी क्यू, दुसरी लायब्ररी हे सगळे या तिघांपैकी कोणावर भार टाकायचा हे ठरवण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत. तुमच्याकडे हे कोणी ठरवलेलंच नाही, डिफॉल्ट आकड्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. खरं दुखणं तिथे आहे.

एक साधी इन्फोची ओळ थ्रेडला अडकवतेच कशी, ते आधी बघू. लॉगबॅकच्या प्रत्येक अपेंडरला एक कुलूप असतं. ओळ लिहायची तर कुलूप घ्यायचं, लिहायचं, सोडायचं. एका वेळी एकच थ्रेड लिहिणार. लिहिणं म्हणजे बहुतेक वेळा कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत, कॉपी करणं, काही मायक्रोसेकंदांचं काम. डिस्कवर ते सवडीने जातं. म्हणूनच विकासाच्या मशीनवर कधी काही जाणवत नाही. पण न लिहिलेली पानं साचत गेली आणि कर्नलच्या मर्यादेजवळ पोहोचली (‘डर्टी रेशो’चं डिफॉल्ट मूल्य उपलब्ध मेमरीच्या २० टक्के आहे), की कर्नल लिहिणाऱ्यालाच झोपवतो. ईएक्सटी-४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम आपलं जर्नल (बदलांची नोंदवही) साधारण दर ५ सेकंदांनी डिस्कवर उतरवते. डिस्क तेव्हा दमलेली असेल तर तुमचं लिहिणं तिथेही अडू शकतं. समजा एखादं लिखाण ३०० मिलिसेकंद अडलं. ज्या थ्रेडच्या हातात कुलूप आहे तो ३०० मिलिसेकंद झोपला, आणि त्याच्यामागे रांगेत असलेले सगळे तेवढेच थांबले. टॉमकॅटचे थ्रेड डिफॉल्टने जास्तीत जास्त २००. एका रिक्वेस्टमध्ये १५-२० लॉगच्या ओळी असतील, तर प्रत्येक रिक्वेस्ट त्या रांगेत १५-२० वेळा उभी राहते.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. ट्रान्झॅक्शन चालू असताना तुम्ही लॉग लिहिता, म्हणजे तो थ्रेड डेटाबेसचं कनेक्शन हातात धरून लॉगच्या कुलपासाठी उभा असतो. हिकारी पूलमध्ये (डेटाबेसच्या तयार कनेक्शन्सचा साठा) डिफॉल्टने १० कनेक्शन्स असतात. असे दहा थ्रेड अडकले की पूल संपला, आणि बाकीचे कनेक्शन मिळेपर्यंत ३० सेकंदांपर्यंत थांबतात. मग एरर येते ती कनेक्शन टाइमआउटची. सगळी टीम डेटाबेसच्या मागे लागते, इंडेक्स तपासले जातात, डीबीएला फोन जातात, आणि डेटाबेस बिचारा रिकामा बसलेला असतो. तुमच्याकडे अशा एरर आल्या असतील तर त्यांना वेगळा आजार समजू नका.

थ्रेड डम्प वाचताना एक काळजी घ्या. बरेच जण डम्पमध्ये ‘ब्लॉक्ड’ शब्द शोधतात, तो सापडला नाही की लॉगला निर्दोष सोडतात. जुन्या लॉग४जे १ या लायब्ररीत ‘सिंक्रोनाइज्ड’ (जावाचं अंगभूत कुलूप) होतं, त्यामुळे तिथे ‘ब्लॉक्ड’ दिसायचं. लॉगबॅकचा अपेंडर रीएंट्रंट लॉक हे वेगळ्या जातीचं कुलूप वापरतो, त्याच्यावर थांबलेले थ्रेड ‘वेटिंग’ आणि पुढे ‘पार्किंग’ असे दिसतात. बघायचं ते असं: १९० थ्रेड आउटपुट स्ट्रीम अपेंडरपाशी पार्क झालेले, आणि एकच थ्रेड ‘रनेबल’, त्याच्या स्टॅकच्या अगदी वरच्या ओळीला फाइल आउटपुट स्ट्रीमचं ‘राइट बाइट्स’. नावापुरता रनेबल, प्रत्यक्षात कर्नलमध्ये अडकलेला. तोच तुमचा दोषी. आणि असिंक लावल्यानंतरच्या डम्पमध्ये थ्रेड ॲरे ब्लॉकिंग क्यूच्या ‘पुट’वर पार्क दिसत असतील, तर क्यू भरलेली आहे. दोन्ही चित्रं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

या विषयाची धास्ती मला एका शनिवारी बसली. आमच्या चार सर्व्हरचे लॉग आम्ही एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवरच्या) एका सामायिक फोल्डरमध्ये लिहीत होतो. हेतू चांगला होता, सगळं एका जागी दिसावं. त्या शनिवारी फाइल सर्व्हर पॅचसाठी बंद केला गेला. त्याच्याशी आमच्या साइटचा काही संबंध आहे असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. चारही सर्व्हर एकदम मुके झाले. सीपीयू २ टक्के, लोड १ च्या आसपास, मेमरी ठीक, डेटाबेस शांत. हेल्थ चेकसुद्धा उत्तर देईना, कारण त्याला द्यायला टॉमकॅटकडे मोकळा थ्रेडच उरला नव्हता. मी सवयीने डिस्कवर जागा किती आहे ते बघायला ‘डीएफ’ कमांड दिली. कर्सर लुकलुकत राहिला, कमांड परतलीच नाही. तिथे प्रकाश पडला. माउंट (जोडलेली ती नेटवर्क डिस्क) लटकला होता, लॉगचा थ्रेड त्याच्यावर लटकला होता, आणि अख्खी साइट त्या एका थ्रेडवर. ज्या फोल्डरशिवाय ग्राहकाचं काहीही अडायला नको होतं, त्याला आम्ही नकळत डेटाबेसइतकं महत्त्वाचं करून ठेवलं होतं. तेव्हापासून कुठल्याही नव्या ॲपकडे बघताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: लॉगची जागा आत्ता गोठली, तर वापरकर्त्याला कळेल का?

आता तुमच्या कॉन्फिगकडे. इन्फोच्या ओळी गायब होत होत्या, त्यात बिघाड काही नव्हता. लॉगबॅकच्या असिंक अपेंडरची क्यू डिफॉल्टने फक्त २५६ ओळींची असते. तिच्यात २० टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की तो ट्रेस, डिबग आणि इन्फो या कमी महत्त्वाच्या पातळ्यांच्या ओळी टाकून देतो, वॉर्न आणि एरर ठेवतो. २५६ चे २० टक्के म्हणजे ५१ जागा. गर्दीच्या एका झटक्यात दोनशे ओळी सहज साचतात, म्हणून तुम्हाला ते वरचेवर दिसलं.

यावर ‘थ्रेशोल्ड शून्य करा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो अर्धवट आहे. शून्य केल्यावर काहीच टाकलं जात नाही, हे खरं. पण मग क्यू पूर्ण भरल्यावर काय? ‘नेव्हर ब्लॉक’ (थ्रेडला कधीच अडवू नका) हा पर्याय डिफॉल्टने बंद असतो, म्हणजे क्यू भरली की थ्रेड जागा होईपर्यंत उभा राहतो. तुम्ही ओळी वाचवल्या आणि वापरकर्त्याला पुन्हा रांगेत उभं केलं. महिनाअखेरीला जे झालं त्याचं हे एक कारण.

त्या २० टक्क्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघते. एसटीत काही सीट राखीव असतात, तशा त्या वॉर्न आणि एररसाठी राखून ठेवलेल्या जागा आहेत. गाडी भरत आली की साध्या ओळींना चढू द्यायचं नाही, म्हणजे महत्त्वाची ओळ आली तर तिला जागा मिळेल. थ्रेशोल्ड शून्य करून वर ‘नेव्हर ब्लॉक’ही चालू केलं, तर इन्फोच्या ओळींनी क्यू गच्च भरलेली असताना नेमकी एररची ओळ बाहेर राहते, आणि ज्या घटनेसाठी लॉग ठेवला तीच दिसत नाही. म्हणून थ्रेशोल्डला हात लावू नका, ‘नेव्हर ब्लॉक’ चालू करा, आणि क्यू मोठी करा. आणखी एक: थ्रेशोल्डमध्ये लिहायचा आकडा टक्क्यांचा नसून उरलेल्या जागांचा असतो. २० लिहिलंत तर वीसच जागा राखीव राहतील. काहीच लिहिलं नाही तर क्यूच्या पाचव्या हिश्श्याइतक्या राहतात, आणि तेच बहुतेकांना पुरतं.

दुसरं कारण तुम्ही दिलेल्या कॉन्फिगमध्येच आहे. तुमच्या रूट लॉगरला (सगळ्या ओळी जिथून जातात तो मूळ लॉगर) दोन अपेंडर लटकलेत: असिंकमध्ये गुंडाळलेली फाइल आणि उघडा कन्सोल. फाइल असिंक केलीत, पण प्रत्येक ओळ अजूनही कन्सोलवर थेट, कुलूप घेऊन, रिक्वेस्टच्याच थ्रेडवरून लिहिली जातेय. कंटेनरमध्ये कन्सोल म्हणजे स्क्रीन नव्हे, एक पाइप. लिनक्सच्या पाइपची क्षमता डिफॉल्टने ६५,५३६ बाइट्स, म्हणजे २००-३०० बाइट्सच्या ओळी धरल्या तर दोन-तीनशे ओळी. पलीकडे डॉकर त्या वाचून फाइलीत टाकतो. डॉकरची लॉग पोचवण्याची पद्धत डिफॉल्टने ब्लॉकिंग आहे. त्याला वाचायला उशीर झाला की पाइप भरतो, आणि पाइप भरला की तुमचा थ्रेड लिहिताना थांबतो. स्प्रिंग बूट फाइलचं नाव दिल्यावरही कन्सोल चालूच ठेवतो, त्यामुळे हे अनेकांच्या लक्षात येत नाही. माझा अंदाज आहे की महिनाअखेरीला तुम्ही मुख्यतः इथे अडकलात. डम्पमध्ये कन्सोल अपेंडर दिसतोय का, एवढं बघितलं की कळेल.

दोन्हीची गरज आहे का ते आधी ठरवा. कंटेनरमध्ये चालवताय आणि बाहेरून कोणीतरी लॉग गोळा करतंय, तर एकच मार्ग ठेवा. दोन्ही हवेच असतील तर प्रत्येकाला स्वतःचा असिंक अपेंडर द्या, कारण एका असिंकला एकच अपेंडर जोडता येतो. डॉकरच्या बाजूने लॉगचा ‘मोड’ नॉन-ब्लॉकिंग करा आणि ‘मॅक्स बफर साइझ’ वाढवा. तो डिफॉल्टने १ एमबी असतो, मी ४ ते ८ एमबी ठेवते. हे करताना ‘मॅक्स साइझ’ही घाला. डॉकरचा जेसन-फाइल ड्रायव्हर आपणहून फाइल फिरवत नाही, आणि मग एक दिवस डिस्कच भरते.

आता क्यूचा आकार. गणित सोपं आहे. गर्दीत ॲप सेकंदाला २,००० ओळी तयार करतंय आणि खाली ५०० जात आहेत, असं धरा. दर सेकंदाला १,५०० साचणार. १० हजारांची क्यू सात सेकंदांच्या आत भरेल, १ लाखाची साधारण ६७ सेकंदांत. तुमची गर्दी तासभर चालते. टाकी मोठी बांधली म्हणून मोटार जास्त पाणी ओढत नाही. क्यू सांभाळते ती झटका: डिस्क दोन सेकंद अडली, एखादी जॉब एकदम सुरू झाली, असलं. सततची तूट ती सांभाळू शकत नाही. शिवाय १ लाख ओळी, प्रत्येकी एक केबी धरली तरी १०० एमबीच्या घरात हीप (जावाची मेमरी) खातात, आणि स्टॅक ट्रेस असलेल्या ओळी त्याच्या कितीतरी पट. म्हणजे लॉग अडला म्हणून जीसी (मेमरीची साफसफाई) वाढला आणि जीसी वाढला म्हणून ॲप आणखी मंद, असा फेरा. तुमच्यासाठी मी ८,१९२ पासून सुरुवात करेन आणि क्यूत किती ओळी आहेत याचा आलेख काढेन. असिंक अपेंडर तो आकडा देतो, मायक्रोमीटर या मोजमापाच्या लायब्ररीतून तो बाहेर काढणं पाच-दहा ओळींचं काम आहे. आलेख अधूनमधून टोक गाठून लगेच खाली येत असेल तर क्यू पुरेशी आहे. टोकाला चिकटून बसत असेल, तर कितीही वाढवा, पुरणार नाही.

आणि तसं असेल तर उत्तर एकच आहे: कमी लिहा. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण मी बघितलेल्या दहातल्या सात-आठ ठिकाणी खरा फरक इथेच पडला. एका ॲपमध्ये चुकीचा ओटीपी टाकला की एक्सेप्शन फेकलं जायचं आणि त्याचा पूर्ण स्टॅक ट्रेस लॉगमध्ये यायचा, साठ-सत्तर ओळी. माणूस ओटीपी चुकतो ही रोजची गोष्ट आहे, तिच्यासाठी सत्तर ओळी कशाला? ते एका ओळीवर आणलं आणि त्या दिवसापासून लॉगची फाइल निम्म्याहून लहान झाली. तुमच्याकडेही एक तासाची फाइल घ्या, कुठल्या क्लासमधून किती ओळी येतात ते मोजा आणि उतरत्या क्रमाने लावा. पहिल्या पाचांतच बहुतेक भार सापडेल. हायबरनेटचं (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) एसक्यूएल प्रॉडक्शनवर चालू राहिलेलं असतं, रिक्वेस्टची अख्खी बॉडी छापली जात असते, एखाद्या लूपमध्ये ‘इथे आलो’ असतं.

सोबत दोन गोष्टी बघा. महिरपी कंसांची जोडी वापरून ओळ लिहिली, तर लेव्हल बंद असताना ओळ जोडली जात नाही हे खरं, पण आत दिलेलं फंक्शन चालतंच. ऑब्जेक्टचं जेसन करून ते लॉगरला देत असाल, तर डिबग बंद असतानाही जेसन तयार होऊन फेकलं जातंय. आणि असिंक केल्यावरही मजकूर जोडण्याचं काम रिक्वेस्टच्याच थ्रेडवर होतं, पार्श्वभूमीवर जातं ते ओळ पॅटर्नमध्ये बसवणं आणि लिहिणं. पॅटर्नमध्ये ओळ क्रमांक किंवा मेथडचं नाव छापत असाल तर तेही काढा. ते शोधायला प्रत्येक वेळी स्टॅक चालावा लागतो. असिंकमध्ये डिफॉल्टने तो चालला जात नाही, म्हणून तिथे नुसतं प्रश्नचिन्ह छापलं जातं.

फाइलच्या बाजूला एक चांगली सवलत मिळते. लॉगबॅक प्रत्येक ओळीनंतर बफर रिकामा करतो. ‘इमिजिएट फ्लश’ बंद केला तर ८ केबीचा बफर भरल्यावर एकदम लिहितो, आणि लिहिण्याच्या फेऱ्या खूप कमी होतात. किंमत अशी की शांत वेळेत शेवटच्या काही ओळी बफरमध्येच राहतात, आणि तुम्ही ‘टेल’ (फाइलीचा शेवट सतत दाखवणारी कमांड) लावून बसलात तर ओळ का येत नाही असं वाटतं. मोठ्या रहदारीच्या ॲपमध्ये मी बंद ठेवते, दिवसाला चार-पाचशे रिक्वेस्ट येणाऱ्या ॲपमध्ये चालू. ‘प्रुडंट’ मोड कुठे चालू नाही ना, तेही बघा. त्यात प्रत्येक लिखाणाला फाइलचं लॉक घेतलं जातं.

डिस्कही एकदा तपासा, विशेषतः क्लाउडवर असाल तर. काही डिस्क क्रेडिटवर चालतात. ॲमेझॉनच्या जीपी-२ चं उदाहरण घ्या: दर जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला वाचन-लेखनाच्या फेऱ्या), किमान १००, आणि छोट्या डिस्कला तात्पुरता ३,००० पर्यंतचा वेग. त्या वेगासाठी सुरुवातीला ५४ लाख क्रेडिट असतात. ३,००० च्या वेगाने खर्च केले तर अर्ध्या तासात संपतात, मग २० जीबीची डिस्क थेट १०० वर येते. ‘गर्दी सुरू झाली की अर्धा तास ठीक चालतं, मग मेलं’ असा नमुना दिसला तर कोडकडे बघण्याआधी हे बघा. तसंच मध्यरात्री बरोबर अडत असेल तर लॉग फिरवून जीझिप करणारी जॉब त्याच डिस्कवर चालतेय का, ते पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण वर मी ओळी टाकून द्या असं सहज म्हणून गेले. कुठल्या ओळी? हे तुमच्या धंद्यावर अवलंबून आहे आणि ते मी ठरवू शकत नाही, पण मी कसा विचार करते ते सांगते. ‘ऑर्डरची यादी मागितली, ४२ सापडल्या’ ही ओळ गेली तर काही बिघडत नाही. वॉर्न आणि एरर हव्यातच, पण त्यांच्यासाठीही ग्राहकाला उभं करू नये. त्यांना राखीव जागा द्यायची, आणि एकच एरर सेकंदाला हजार वेळा येत असेल तर ती आवरायची. लॉगबॅकमध्ये त्यासाठी ‘डुप्लिकेट मेसेज फिल्टर’ आहे, मात्र तो मूळ साचा बघतो, आतली मूल्यं बघत नाही. त्यामुळे ‘ऑर्डर अमुक फसली’च्या वेगवेगळ्या ऑर्डरच्या ओळीही त्याला सारख्याच वाटतात. जपून वापरा.

तिसरा प्रकार म्हणजे जी ओळ हरवली तर पैशाचा किंवा कायद्याचा प्रश्न येईल ती. पेमेंट झालं, संमती दिली, ॲडमिनने कोणाचा तरी अधिकार बदलला. माझं मत पक्कं आहे: ही लॉगची ओळच नव्हे, ही नोंद आहे. ती डेटाबेसच्या टेबलात, मूळ व्यवहाराच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये जायला हवी. तिथे वापरकर्ता २० मिलिसेकंद जास्त थांबला तर थांबू दे, तिथे थांबणं योग्यच आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आम्ही असिंक लावलं होतं, आणि डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी थेट ‘किल वजा नऊ’ (प्रोसेसला आवरायला वेळ न देता मारणारी कमांड) लिहून ठेवलं होतं. पेमेंट गेटवेकडून आलेली उत्तरं आम्ही फक्त लॉगमध्ये लिहीत होतो. एका संध्याकाळी डिप्लॉय झाला, क्यूमधल्या आणि बफरमधल्या ओळी प्रोसेसबरोबर गेल्या. लोकांचे पैसे कापले गेले होते, आमच्याकडे ऑर्डर ‘प्रलंबित’. पुढचे दोन दिवस मी आणि अकाउंट्समधल्या मॅडम शेजारी बसून बँकेची फाइल एक्सेलमध्ये आमच्या ऑर्डरशी जुळवत होतो. तीस-चाळीसच नोंदी होत्या, पण प्रत्येकीच्या मागे फोन करणारा एक माणूस होता. त्या आठवड्यात आम्ही पेमेंटच्या नोंदीसाठी वेगळं टेबल केलं.

तेव्हा बंद करण्याची वाट नीट बांधा. साधा टर्म सिग्नल (आवरून बंद हो असं सांगणारा) द्या, थेट किल नको. डॉकर स्टॉप डिफॉल्टने १० सेकंद थांबतो, कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी व्यवस्था) ३० सेकंद. लॉगबॅकचा ‘मॅक्स फ्लश टाइम’ डिफॉल्टने १ सेकंदच असतो, तेवढ्यात क्यू रिकामी झाली नाही तर उरलेल्या ओळी जातात. तो ५,००० मिलिसेकंद करा. शून्य करू नका. शून्य म्हणजे अमर्याद वाट, आणि लटकलेल्या माउंटवर ॲप बंदच होणार नाही. भारतात असाल तर लॉग किती काळ ठेवायचे हेही बघून घ्या. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कुठल्या ओळी टाकायच्या हे ठरवताना सुरक्षा सांभाळणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन बसा.

या सगळ्याला अपवाद आहेत. रात्री चालणारी बॅच जॉब असेल तर क्यू भरल्यावर थांबू द्या, तिथे कोणी वाट बघत बसलेलं नाही आणि पूर्ण लॉग जास्त मोलाचा. लॉग४जे २ वर जायचा विचार असेल तर जा, त्याचे असिंक लॉगर डिसरप्टर या लायब्ररीवर चालतात आणि वेगवान आहेत, वेब ॲपमध्ये रिंग बफर (त्यांची क्यू) साधारण २,६२,१४४ जागांचा असतो. पण तो भरला की डिफॉल्ट धोरण तिथेही ओळ टाकून देत नाही, थ्रेडलाच अडवून ठेवतं. ‘डिस्कार्ड’ तुम्हालाच सांगावं लागतं. तुमच्या दुसऱ्या सर्व्हिसबद्दल तुम्ही ओझरता उल्लेख केलाय, ती नोडवर (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट) आहे. तिथे जास्त जपा: लिनक्सवर पाइपकडे जाणारा स्टँडर्ड आउटपुट सिंक्रोनस असतो, आणि सगळ्या रिक्वेस्ट फिरवणारा इव्हेंट लूप एकच, त्यामुळे एक लिखाण अडलं की सगळे ग्राहक अडतात. पायथनचं असिंकआयओही तसंच, तिथे क्यू हँडलर आणि क्यू लिसनरची जोडी ३.२ पासून लायब्ररीतच आहे.

बदल प्रॉडक्शनवर टाकण्याआधी मुद्दाम बिघाड घडवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. ॲप टर्मिनलवर चालवा आणि त्याचा आउटपुट पाइपने ‘कॅट’ला (आलेला मजकूर तसाच दाखवणारी कमांड) द्या. दुसऱ्या टर्मिनलवरून कॅटला स्टॉप सिग्नल पाठवा आणि ॲपवर रिक्वेस्ट मारत राहा. जुन्या कॉन्फिगमध्ये ६४ केबी भरेपर्यंत सगळं झकास चालेल, आणि मग एका क्षणी सगळं गोठेल. कॅटला कंटिन्यू सिग्नल दिला की लगेच जिवंत होईल. नव्या कॉन्फिगमध्ये ॲप चालतच राहिलं पाहिजे. फाइलसाठी वेगळा माउंट करून त्यावर ‘एफएसफ्रीझ’ (फाइल सिस्टिम गोठवणारी कमांड) चालवा. रूटच्या फाइल सिस्टिमवर चुकूनही नको, मशीनच हातातून जाईल.

तर तुमच्यासाठी क्रम असा: आधी कन्सोल असिंक करा किंवा काढा, मग थ्रेशोल्डची शून्याची ओळ खोडा, नेव्हर ब्लॉक चालू करा, क्यू ८,१९२, फ्लश टाइम ५,०००, आणि त्याच आठवड्यात सर्वांत बडबड्या पाच क्लासांची तोंडं बंद करा. पेमेंटच्या नोंदी लॉगमध्ये असतील तर त्यांचं काम या सगळ्याच्या आधी. पुढच्या महिनाअखेरीला पुन्हा अडलं, तर रीस्टार्ट करण्याआधी पाच-पाच सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डम्प काढून ठेवा, त्याच वेळचा ‘आयओस्टॅट’चा (डिस्कवरचा भार दाखवणारी कमांड) आउटपुट जोडा, आणि मला दाखवा. एका डम्पवरून थ्रेड कुठे उभा आहे एवढंच कळतं. तो तिथून हलत नाहीये हे तीन डम्प शेजारी ठेवल्यावरच दिसतं.